शेजारच्या सीटवरचे भाऊजी

जर्मनीला रॅलीचे चांगले तरुण ड्रायव्हर मिळत नसतील तर ती त्या देशाची अडचण आहे. पण ती सोडवणं हे आपलं जन्मजात कर्तव्य आहे असं मानणारा माणूस अख्ख्या युरोपात एकच असेल. तो जर्मन नाही, जर्मनीत राहत नाही, त्याच्याकडे स्वतःची मोटार नाही आणि माझ्या नशिबाने तो माझा थोरला दीर आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, आमच्या इथल्या गणेशोत्सव मंडळात तर ते डझनाने सापडतात. पण परक्या देशाच्या लष्कराच्या भाकऱ्या, त्याही रोज सीमा ओलांडून जाऊन भाजणारे आमचे भाऊजी एकटेच.

लग्न होऊन मी हॉलंडला आले तेव्हा विमानतळावर मला घ्यायला हे दोघे भाऊ आले होते. गाडी आमचे हे चालवत होते, शेजारी भाऊजी आणि मागे बॅगांच्या खिंडीत नवी नवरी. गाडी सुरू झाली आणि भाऊजी समोर बघत एका सुरात म्हणायला लागले, "उजवा चार, पुढे दोनशे, डावा तीन, आवळतो, कापू नको." मला वाटलं घरात काही व्रत वगैरे असेल, सून आणताना पोथी म्हणायची पद्धत असेल. मी आपली पदर सावरून बसले. पाच मिनिटांनी आमचे हे म्हणाले, "दादा, हायवे आहे. सरळ आहे." त्यावर भाऊजी शांतपणे म्हणाले, "सरळ रस्त्यावरच माणसाला झोप लागते," आणि पुढचा पूल जाहीर केला. त्या दिवसापासून आजतागायत आमची गाडी कुठेही जावो, भाजीला की डॉक्टरकडे, भाऊजी शेजारी असले की प्रत्येक वळण येण्याआधी आम्हाला कळतं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रॅली म्हणजे गोल ट्रॅकवर वीस गाड्या एकमेकींच्या मागे लागतात ती शर्यत नव्हे. रॅलीत गाडी एकटी धावते, जंगलातल्या नाहीतर खेड्यातल्या बंद केलेल्या रस्त्यावर, घड्याळाविरुद्ध. ड्रायव्हरला रस्ता पाठ नसतो. म्हणून त्याच्या शेजारी दुसरा माणूस वही घेऊन बसतो आणि पुढचं वळण कसं आहे ते आधीच वाचून दाखवतो. वळणाला आकडा असतो. एक म्हणजे जवळजवळ थांबून वळायचं, सहा म्हणजे पाय उचलायचा नाही. 'आवळतो' म्हणजे वळण पुढे अरुंद होतं. 'कापू नको' म्हणजे आतल्या कडेला दगड आहे, शहाणपणा नको. भाऊजी तो दुसरा माणूस. कॉलेजात असताना नाशिकच्या डोंगरात मित्राच्या गाडीत ते पहिल्यांदा असे बसले आणि तिथून जे बिघडले ते बिघडलेच. "तुम्ही का नाही चालवत?" असं मी एकदा विचारलं, तर कीर्तनकाराला तबला वाजवायला सांगितल्यासारखा त्यांनी चेहरा केला. "मी ड्रायव्हर नाही. मी वाचतो," म्हणाले.

आणि वाचतात म्हणजे सगळीकडे वाचतात. इथल्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. माझी आई पुण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा जर्मन सीमेलगतच्या नायमेखन गावात भाऊजींच्या घरी वर गेली आणि खाली यायला तयार होईना. हे खालून नुसते "या, या, काही होत नाही" करत होते. भाऊजी आले, जिन्याच्या तळाशी उभे राहिले आणि म्हणाले, "काकू, सात पायऱ्या सरळ, मग डावा एक, अगदी घट्ट, आतला पाय ठेवू नका, डोकं सांभाळा, मग पाच, संपला." माझी सत्तर वर्षांची आई तशीच्या तशी खाली उतरली. वर मलाच ऐकवलं, "तुझ्या नवऱ्यापेक्षा याला जास्त कळतं गं." अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकतेय.

भाऊजींची नोकरी नायमेखनच्या एका कॉम्प्युटर चिपांच्या कारखान्यात. दिवसभर पांढरा झगा घालून सिलिकॉनच्या चकत्यांवरचे दोष शोधायचे आणि संध्याकाळी सायकलवर टांग मारून पाऊण तासात जर्मनीत. नायमेखनची माणसं सीमेपलीकडे जातात ती स्वस्त पेट्रोल आणि कपड्यांचा साबण आणायला. आमचे भाऊजी जातात ड्रायव्हर शोधायला. "अहो, इथले डच काय वाईट आहेत?" मी विचारायची. त्यांचं उत्तर तयार असे. "एक तर या देशात डोंगर नाही. इथे चढ म्हणजे रेल्वेचा पूल. आणि दुसरं म्हणजे डच माणसाला डावीकडे वळ म्हटलं की तो 'का?' विचारतो. लहानपणापासून सवय असते. जर्मन माणूस आधी वळतो आणि मग विचारतो. रॅलीत तेवढाच फरक पुरतो." याला शास्त्रीय आधार काय म्हणाल तर काही नाही, पण भाऊजींच्या कुठल्याच मताला तो नसतो.

ड्रायव्हर शोधायला माणूस शर्यती बघायला जाईल, गॅरेजात चौकशा करील. भाऊजी जायचे सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. तिथल्या बाकावर डब्यातली पोळीभाजी खात बसायचे आणि लोक गाड्या कशा लावतात ते बघायचे. वेगाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "वेग कुणालाही येतो, उतारावर हातगाडीलाही येतो," म्हणायचे. त्यांना हवा होता ऐकणारा माणूस. बायको बाहेर उभी राहून 'अजून मागे, अजून मागे' करते तेव्हा ज्याचा हात डोळ्यांआधी हलतो, तो खरा. असा माणूस दिसला की भाऊजी डबा बंद करून त्याच्याकडे जात आणि आपल्या पुणेरी जर्मनमध्ये विचारत, "माफ करा, तुम्ही रॅलीत गाडी चालवाल का?" बहुतेकांना ते विमा विकणारे वाटत. एका आजोबांनी तर पार्किंगचा दंड समजून माफीच मागितली. तरी या उद्योगातून दोन मुलं मिळाली होती. एक बेकरीतला, फार गुणी, पण प्रेमात पडला आणि रॅलीची गाडी विकून तंबू-गाडी घेऊन पोर्तुगालला गेला. दुसऱ्याचं सगळं उत्तम होतं, फक्त त्याला स्वतःच्याच गाडीत उलटी व्हायची. भाऊजींनी दोघांना मनापासून आशीर्वाद दिले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

मग हान्ना सापडली. सीमेपलीकडच्या गावात तिच्या वडिलांची रोपवाटिका आहे. एका धुक्याच्या सकाळी भाऊजी सायकल हातात धरून रस्त्याकडेला उभे होते, कारण चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. तेवढ्यात रोपांची व्हॅन आली. उघड्या खिडकीतून ऐकू आलं, आत वडील चिठ्ठीवरचा पत्ता वाचत होते, "पुढच्या डावीला, मग लगेच उजवीला," आणि एकोणीस वर्षांची पोरगी त्या धुक्यात ऐकून ऐकून, एकदाही न थबकता, व्हॅन अरुंद फाटकातून आत घेऊन गेली. भाऊजी सायकल तिथेच टाकून फाटकातून मागे धावले. पुढचा महिनाभर त्या घरच्यांनी त्यांना आधी वेडा, मग गिऱ्हाईक आणि शेवटी पाहुणा मानलं. महिनाभरात त्यांनी इतकी जिरेनियमची रोपं विकत घेतली की आमच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरली नाही. अखेर हान्नाच म्हणाली, "चला, एकदा चालवून बघते." वडिलांच्या छपरातली जुनी गाडी बाहेर काढली आणि बाई, पोरीने चालवली!

आता जे सांगते ते फक्त आमच्याच घराण्यात घडू शकतं. पहिल्या एक-दोन लहान रॅल्यांत भाऊजी जर्मनमध्येच वाचत होते. जर्मन त्यांना चांगलं येतं, पुण्यात चार वर्षं शिकले होते. पण गाडी दगडगोट्यांवरून घसरत चालली की त्यांची जीभ मागे पडायची. 'हुंडर्टफ्युन्फत्सिश' म्हणेपर्यंत ते दीडशे मीटर संपून वळण काचेवर आलेलं असायचं. एकदा गाडी अशीच आडवी झाली आणि भाऊजींच्या तोंडून पोटातलं मराठी बाहेर पडलं, "दीडशे, डावा दोन! अगं डावा!" आणि हान्ना बरोब्बर डावीकडे वळली. हात दाखवला नव्हता, काही नाही. शेवटी गाडी थांबवून ती म्हणाली, "हे छोटं आहे. असंच सांगा." झालं. त्या दिवसापासून वही देवनागरीत. टेकाड, घट्ट, सुटतो, जपून, दाब. दीडशे आणि अडीचशे हे तर तिचे लाडके आकडे, म्हणायची की तुमच्या लोकांना घाई कळते. दोन वर्षं ती जर्मन पोरगी जर्मनीच्या जंगलातून मराठीवर गाडी पळवत होती आणि रॅलीगणिक वर सरकत होती. भाऊजींची छाती काय फुगली होती म्हणून सांगू! पुण्याला सासूबाईंना फोन करून सांगायचे, "आई, तिला माझं मराठी माझ्या पुतणीपेक्षा जास्त कळतं." आमची कन्या मराठीला डचमध्ये उत्तर देते, त्यामुळे हा टोमणा मुकाट्याने गिळावा लागे.

हान्नाचे वडील मात्र कमी बोलणारा, हिशेबी नव्हे पण ठाम माणूस. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा एक मोसम शेवटचा. तिकडची मोटार संघटना दरवर्षी नवख्यांतून दोन ड्रायव्हर निवडते आणि त्यांना वर्षभर गाडी, टायर, शिकवणारी माणसं, सगळं देते. त्यात निवड झाली तर पोरगी ड्रायव्हर. नाही झाली तर रोपवाटिकेत, कायमची. वयाच्या अटीमुळे हान्नाला ही शेवटचीच संधी होती. निवडीसाठी बोलावणं आलं तेव्हा भाऊजी ते पत्र घेऊन रविवारी आमच्याकडे आले. आम्ही राहतो आम्स्टरडॅमला, मी तिथल्याच स्लोटरडाइक भागातल्या एका ऑफिसात दिवसभर करारमदार वाचते. माझ्या डोळ्यांना बारीक टाइपाची खोडच लागली आहे. भाऊजी पहिलं पान पुरणपोळीवर तूप वाढल्यासारखं सावकाश वाचून दाखवत होते, तोवर मी तिसऱ्या पानावर गेले होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "यात लिहिलंय की शेजारी बसणारा माणूस संघटनेचा असेल. वळणांची वहीपण त्यांचीच."

"असेल," ते म्हणाले.

"तो जर्मनमध्ये वाचणार."

भाऊजींचा घास हातातच राहिला. आमचे हे आमटी ओतता ओतता थांबले. एवढं साधं होतं बघा. मुलगी जर्मन, परीक्षा जर्मन, आणि दोन वर्षं तिला सगळं शिकवलं ते मराठीत. पाच आठवड्यांत आता एका जर्मन मुलीला जर्मन शिकवायचं होतं. हे हसायला लागले. मीही लागले असते, पण भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि यांना कोपराने ढोसलं. ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, "चूक सापडली की अर्धं काम झालं. पाच आठवडे आहेत. पुष्कळ आहेत."

पुष्कळ नव्हते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जर्मनमध्ये वाचायला सुरुवात केली, पण त्यांच्या जर्मनला चाल मराठीच होती. हान्ना शब्द ऐकतच नव्हती, ती भाऊजींचा श्वास ऐकत होती. म्हणून हान्नाच्या शेजारच्या एका निवृत्त दंतवैद्याला गाडीत बसवलं. त्या बिचाऱ्याने शुद्ध जर्मनमध्ये 'लिंक्स ड्राय', म्हणजे 'डावा तीन', म्हटलं, पोरीने मनातल्या मनात त्याचं मराठी केलं, आणि तेवढ्यात रोपवाटिकेमागच्या कच्च्या रस्त्याकडेच्या चरात गाडीचं नाक गेलं. कुणाला खरचटलंही नाही, पण हान्ना हेल्मेट काढून चरातच बसली आणि म्हणाली, "मला नाही जमणार. नाव काढून घ्या." वडिलांनी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली, छपरात लावली आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली.

त्या शनिवारी यांनी भाऊजींना स्टेशनवरून गाडीने घरी आणलं. वळणं सांगत आले नाहीत म्हणजे बघा. जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते, ते पुसत होते. मला राहवेना.

"एक विचारू? रागावू नका. दोन वर्षांत तुमच्या मनात एकदाही आलं नाही, की ही दुसऱ्या कुणाशेजारी कशी चालवेल?"

त्यांनी ताट पुसून खाली ठेवलं, मग परत उचलून परत पुसलं.

"आलं होतं."

"मग?"

"मग काय? वाटलं, दुसरं कुणी कशाला हवं?" आणि जरा वेळाने, "वाईट केलं गं मी. तिच्या भल्याचं म्हणत म्हणत माझ्याच सोयीचं केलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण बावन्न वर्षांचा, एकटा राहणारा, दोष शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस स्वतःचा दोष असा ताटासारखा पुसून समोर ठेवतो, तेव्हा राग धरणार कसा? मी हात पुसले. मी म्हटलं, "उद्या तिच्या वडिलांना भेटू. मी येते."

रविवारी आम्ही गेलो. हान्नाचे वडील काचेच्या छपराखाली रोपांना पाणी घालत होते. भाऊजींनी लग्नकार्याला घालायचा कोट घातला होता. वडिलांनी नळ बंद केला आणि म्हणाले, "तुम्ही माझ्या मुलीला असं शिकवलंत, की तुमच्याशिवाय तिला वळताच येऊ नये."

"हो," भाऊजी म्हणाले. "चूक सगळी माझी आहे. तिची नाही. म्हणून आता मी गाडीतून उतरतो. चार आठवडे मला बाहेर उभं राहून शिकवू द्या. नाही जमलं तर मीच तिला रोपवाटिकेत आणून सोडीन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही."

वडिलांनी पाण्याची नळी गुंडाळून ठेवली. मग विचारलं, "आणि गाडीत कोण बसणार?"

भाऊजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. कपाळ माझं! अहो, मला जत्रेतल्या पाळण्यात मळमळतं. माझं जर्मन म्हणजे तीन महिन्यांचा ऑनलाइन वर्ग, कागदावरचं डचच्या आधाराने वाचते तेवढंच. मी तसं म्हटलंही. भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच. तुझं जर्मन ऐकून जी मुलगी गाडी रस्त्यावर ठेवेल, ती जगातल्या कुणाच्याही जर्मनवर ठेवेल." हे भाषांतर करून सांगितल्यावर तो अबोल माणूस पहिल्यांदा हसला आणि किल्ली बाहेर काढली.

पुढचे चार आठवडे मी काय सोसलंय ते माझं मला ठाऊक. दर शनिवार-रविवार अंबाड्यावर हेल्मेट, तोंडात आवळ्याची सुपारी आणि मांडीवर वही. 'रेष्ट्स फीर', म्हणजे 'उजवा चार', म्हणायचं तिथे मी 'लिंक्स' म्हणायची, पान उलटायला विसरायची, एकदा तर सलग दोन वळणं मी डोळे मिटून आणि रामरक्षा म्हणून काढली. भाऊजी वळणावर उभे असायचे. आपला आवाज तिच्या कानावर पडू नये म्हणून दाढेखाली लवंग धरून मुकाट. जन्मभर बोलत आलेला माणूस, पण चार आठवडे त्यांनी हान्नाशी हूं की चूं केलं नाही. फेरी संपली की कागदावर लिहून द्यायचे, "आवाजाची वाट बघू नको. शब्दाची बघ." आधी हान्ना प्रत्येक वळणाला चाचरायची. दुसऱ्या आठवड्यात रडली. तिसऱ्या आठवड्यात ऐन वेगात तिने माझ्यावर डाफरून म्हटलं, "मोठ्याने वाचा आणि वेळेवर वाचा!" मी उतरले ती रागाने लाल होऊन. एवढं करून वर बोलणी? तर समोर भाऊजी, चेहरा नुसता उजळलेला. लवंग थुंकून म्हणाले, "चिडली ना? म्हणजे तुझं ऐकतेय. जमलं!"

निवडीचा दिवस उजाडला तो थंडगार. जर्मनीच्या डोंगराळ भागातला जंगलातला रस्ता, नऊ उमेदवार, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या. मी दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. ती मी, यांनी आणि हान्नाच्या वडिलांनी खाल्ली, भाऊजींनी डब्याला हात लावला नाही. ते हान्नाजवळही गेले नाहीत. "मी समोर दिसलो की तिच्या कानात परत मीच बसेन," म्हणाले आणि लांब चिखलात फेऱ्या मारत राहिले. पहिल्या फेरीत ती सहावी आली. वडिलांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मी मनात म्हटलं, संपलं. भाऊजी आमच्यापर्यंत आले, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "सहावी म्हणजे तीनदा चाचरली. फक्त तीनदा. बघ तू." दुसऱ्या फेरीनंतर ती चौथी होती.

तिसऱ्या फेरीला आम्ही दोरीच्या मागे एका वळणाशी उभे राहिलो. भाऊजींच्या हातात घड्याळ. वरून गाडीचा आवाज आला, झाडांतून खडी उडाली आणि हान्ना आली. शेजारचा अनोळखी जर्मन काहीतरी वाचत होता, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. गाडी तिरपी होत वळणात शिरली, आत एक दगड होता त्याला विचारून गेल्यासारखी बाजूने गेली आणि दिसेनाशी झाली. सगळं मिळून चार-पाच सेकंद. "किती वेळ?" मी विचारलं. भाऊजींनी घड्याळाकडे बघितलं. दाबायलाच विसरले होते.

तासाभराने तंबूपाशी दोन नावं वाचली. पहिलं एका उंच मुलाचं होतं. दुसरं हान्नाचं. मी किंचाळले, यांनी मला उचललं, आजूबाजूचे जर्मन सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागले. हान्नाचे वडील भाऊजींसमोर आले, टोपी काढली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मग हान्ना धावत आली. तिने विचारून ठेवलं होतं, की आता पुढचं वर्षभर शेजारी कुणाला बसवायचं ते ड्रायव्हरने ठरवायचं असतं, आणि तिने भाऊजींचं नाव सांगितलंसुद्धा होतं.

"नाही," भाऊजी म्हणाले.

तिला वाटलं ते थट्टा करताहेत. ते म्हणाले, "माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. तुला तरुण माणूस हवा, पुढची दहा वर्षं टिकेल असा. जा, त्यांना सांग." ती भांडली, पाय आपटले, डोळे पुसले, पण भाऊजी हलले नाहीत. तिच्या हेल्मेटवर दोनदा थोपटलं आणि तंबूकडे वळवलं. ती मागे बघत बघत गेली.

आम्ही चिखलातून गाडीकडे निघालो. हे पुढे होते. मला भाऊजींची दया यायला लागली होती आणि थोडा संतापही. "चष्म्याचं काय सांगता हो? मागच्याच महिन्यात तुम्ही मला सांगत होतात, डोळे ठणठणीत आहेत म्हणून. कशाला नाही म्हणालात?"

"अगं, आत बसलं की डोकं वहीत असतं," ते म्हणाले. "मान वर करायची सोय नाही. एक ओळ चुकली की संपलं. दोन वर्षं मी तिच्या शेजारी होतो आणि हे चार आठवडे वळणावर उभा राहून नुसत्या तिच्या चुका मोजत होतो, पण तिला अशी रॅलीत गाडी चालवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आज पहिल्यांदा पाहिलं." ते थांबले. रुमालाने चष्मा पुसला आणि तो हातातच ठेवला. "किती सुंदर चालवते गं."

आम्ही तसेच चालत राहिलो. गाडी दिसायला लागली तेव्हा भाऊजी हळूच, जणू स्वतःशीच म्हणाले, "पण आत बसायला आवडलं असतं हं."